विजापुरात न घेतलेलं नाव

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. मला वाद घालायला वेळ नाही.

मी चार बुकं शिकलेली बाई. मला रचून सांगता येत नाही. माझ्या आजेसासूबाईंनी, सिद्धम्मांनी, स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं तेच लिहिते.

दुसरी मोठी लढाई संपली, त्यानंतरचा पौष महिना. गाव आमचं, अणदूर. अंमल निजामाचा. गावचा खंडोबा रिवाजाप्रमाणं नळदुर्गाला गेलेला. देव गावात नसला की अणदूर कसं सुनं होतं ते अणदूरच्याच माणसाला विचारा. देवळात दिवा असतो... पण हात जोडले तरी मन भरत नाही.

सिद्धम्मा तरणेपणी विधवा झालेली. दुकान, शेत, बैलं, सगळं एकटीनं सांभाळलं. गावात तिच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नसे, आणि हळू बोललेलं तिला बरोबर ऐकू येई. घरात तिचा एकुलता मुलगा महालिंगप्पा, त्याची बायको शिवगंगा आणि त्याची लग्नाच्या वयाची धाकटी बहीण उमाबाई. बस, एवढीच माणसं.

महालिंगप्पा दुकानाचा माल आणायला सोलापूरला जायचा. तिथं त्यानं विजापूरच्या घुमटाचं ऐकलं. घरी येऊन म्हणाला, "आव्वा, सोलापुरातनं पहाटे रेल्वेत बसलं की दुपारपातूर विजापूर. बघायचं आन् सांजच्या गाडीनं माघारी. एका दिवसाचं काम."

"काय हाय तिथं?"

"जुन्या बादशहांचे महाल. पडक्या कमानी. ह्या हिथून त्या पिंपळापातूर लांब तोफ. आन् गोल घुमट."

सिद्धम्मा सुपातली ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मेलेल्या मानसांची पडकी घरं बघाया भाडं भरून जायचं व्हय? नळदुर्गाचा किल्ला पडलाय तो बघ की. फुकट हाय."

विषय मिटला असता. पण शेजारची गजराबाई विजापूरला जाऊन आली, आणि आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"सिद्धम्मा, घुमटात माझं नाव घेतलं तर सात बार परत आलं! सात बार!"

"ठेवून घ्यावं आसं वाटलं नसंल कुणाला. दिलं परत धाडून," सिद्धम्मा म्हणाली.

गजराबाई तोंड वाकडं करून उठली. जाता जाता बोलली, "जमायचं न्हाय तुला. मोगलाई सोडून इंग्रजाच्या मुलखात जायला छाती लागते."

झालं.

त्याच संध्याकाळी सिद्धम्मानं पोराला जवळ बसवलं. "लेका, कवा जायचं इजापूरला?"

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ओट्यावर एकच बोलणं. सोलापूरला मोटारीनं जायचं का बैलगाडीनं? मुक्काम कुणाकडं? सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, म्हणजे विटायचा सवाल नाही. दही नको, रेल्वेत सांडतं. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आहे, तिथं शिपाई गाठोडी सोडून बघतात, म्हणून नवं लुगडं अंगावरच नेसायचं. आणि आपला निजामाचा हाली पैसा पलीकडं चालत नाही, इंग्रजी कलदार बदलून घ्यायचा.

"आपला पैसा ज्या मुलखात वळखत न्हाईत, तिथं आपल्या मानसाला कोन वळखनार?" सिद्धम्मा म्हणाली. ती हसत म्हणाली होती. पण म्हणाल्यावर तिलाच ते बरं वाटलं नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

परक्या ठिकाणाहून निघताना घरातली जाणती बाई प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारते. "अमक्या, चल घरी." त्यानं "आलो" म्हणायचं. मगच पाऊल उचलायचं. माणूस गाडीत बसतो, पण त्याचा जीव कधी कधी मागं रेंगाळतो. हाक ऐकली की तोही येतो. जत्रा असो, सोयऱ्याचं लग्न असो, निघताना हाक सिद्धम्माच मारायची. दुसऱ्या कुणावर ती वेळच आली नव्हती.

एकदा उमाबाईनं विचारलं, "अण्णा, घुमटात आवाज परत येतो म्हंजे कसा?"

वाड्याच्या मागं ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. नुकतंच रिकामं केलेलं. महालिंगप्पानं सगळ्यांना तिथं नेलं. "घुमट म्हंजे ह्येच. उलटं केल्यालं पेव."

उमाबाईनं वाकून "ओ" केलं. पेव घुमलं.

सिद्धम्मानं केलं. घुमलं.

मग महालिंगप्पानं, चांगलं छाती भरून, स्वतःचं नाव घेतलं.

...

काहीच नाही.

पेव मुकं.

त्यानं पुन्हा हाक मारली. आवाज खाली गेला आणि गेलाच. विहिरीत दगड टाकावा, आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

"घसा बसलाय माजा," तो हसला. पोरीही हसल्या. सिद्धम्मा हसली नाही. पण गजराबाई कुंपणावरून बघत होती. मग सिद्धम्मा म्हणाली, "चला, भाकऱ्या थापायच्यात."

निघायच्या आदल्या दिवशी महालिंगप्पा दुकानातून निरोप घेऊन आला. लेव्हीचा, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचा, कारकून उद्या धान्य तपासायला येणार, घरात कुणी मोठं माणूस पाहिजे.

"कुणी सांगितलं?"

"हुता एक मानूस. दुकानाच्या पायरीवर हुबा राहून सांगून गेला. वळखीचा न्हाय." मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे आव्वा. पुढल्या महिन्यात जाऊ."

सिद्धम्मा गप्प बसली असती तर बरं झालं असतं. पण गजराबाईला तिनं वार सांगितला होता, गाडी सांगितली होती, लुगड्याचा रंगसुद्धा सांगितला होता.

"तुमी तिघं जा. मी कारकुनाला बघते. न्हाय गेलात तर ती भवानी गावभर डांगोरा पिटंल."

आणि सुनेला जवळ बोलावलं. "शिवगंगा, निघताना नावं घ्यायची. ध्येनात हाय न्हवं?"

शिवगंगा चुळबुळली. "आत्याबाई... सगळ्यांची?"

"मंग काय निम्म्यांची? एकाचं बी राहता कामा नये."

शिवगंगानं खाली बघून मान हलवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं मोटारीतून उतरली. मधल्या काळात कारकून आला नाही. पुढं तालुक्याला विचारलं, तर असा निरोप तिथून कुणी धाडलाच नव्हता. तो पायरीवरचा माणूस कोण, हे आजतागायत कळलेलं नाही.

उमाबाईचं तोंड थांबत नव्हतं. "आव्वा, ती तोफ! आन् रेल्वेच्या खिडकीत डोळ्यात कोळसा गेला माज्या! माजं नाव बी सात बार आलं!"

"अण्णाचं?"

"त्याचं न्हाय आलं. दोनदा वरडला. आमी लई हसलो. मग म्हनला, तुमी खाली जा, मी येतो. लई वेळानं उतरला."

महालिंगप्पा दारात उभा होता. गाठोडं हातात तसंच.

"आत ये की," सिद्धम्मा म्हणाली.

तो आत आला. बस म्हटल्यावर बसला. जेव म्हटल्यावर जेवला. मोटारीच्या प्रवासात शिवगंगाच्या लुगड्यावर धूळ, उमाच्या केसांत धूळ...

त्याच्या वहाणेला कणभर धूळ नव्हती.

घरचं कुत्रं त्याच्या पायात घोटाळायचं, ते उठलं. त्याच्याकडं एकदा बघितलं. आणि बाहेर जाऊन सोलापूरच्या रस्त्याकडं तोंड करून बसलं.

दुसऱ्या दिवशी कालवणात मीठ पडलं नव्हतं. उमानं तोंड वाकडं केलं. त्यानं ताट चाटूनपुसून संपवलं. सकाळी लिंगपूजेला बसला, लिंग तळहातावर घेतलं, पण ओठ हलले नाहीत. नुसता बघत राहिला, दुसऱ्याची वस्तू हातात आल्यासारखा.

सिद्धम्मानं मागून हाक मारली, "महालिंगप्पा!"

त्यानं वळून बघितलं नाही.

"ऐक की रे," म्हटल्यावर वळला. हसला. ते हसू चांगलं होतं, नीट होतं. फक्त तिच्या पोराचं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती वाती वळत बसली होती. समोर खांबाला टेकून महालिंगप्पा बसलेला. आणि लांबून, फार लांबून, सोलापूरच्या अंगानं...

"आव्वा..."

तिच्या हातातली वात गळाली.

तिनं उमाकडं बघितलं. उमा तांदूळ निवडत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. समोरचा मात्र सिद्धम्माकडंच बघत होता.

"कोन हाक मारतंय रं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तेवढीच लांब. जवळही येत नव्हती, लांबही जात नव्हती. पोटच्या पोराचा आवाज. लहानपणी तापात बरळायचा, तसा.

त्यानंतरच्या सकाळी बिरदेव धनगर आला. मेंढरं घेऊन हद्दीपर्यंत जाणारा माणूस, दुकानातून तंबाखू नेणारा. अंगणातूनच बोलला, "मालकीनबाई, मालकाला गाडी धाडा की. पायी का येत्यात?"

"कुठं बघितलास?"

"नाक्यापल्याड, बाभळीखाली. काल बी हुते, परवा बी. म्या म्हनलो, मालक, चला संगट. बघितलं बी न्हाय माज्याकडं. गावाकडं तोंड करून नुसते हुबे. नाका वलांडीनात. पाय पार फुटल्यात हो..."

बोलता बोलता त्याची नजर दुकानाकडं गेली.

दुकानात, गादीवर, महालिंगप्पा बसला होता.

बिरदेवचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सिद्धम्मा उठली. सैपाकघरात गेली. दार लोटलं. शिवगंगा चुलीपुढं बसलेली.

"इजापुरातनं निघताना नावं घेतलीस?"

"घेतली, आत्याबाई."

"कुणाकुणाची?"

"वन्संचं घेतलं. माजं मीच घेतलं."

"आन् त्याचं?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. शिवगंगानं पदर तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी.

"आत्याबाई... त्यांचं नाव मी कसं घिऊ? मी म्हनलं, 'अवो, चला.' ते आले की वो..."

सिद्धम्मानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. धाकट्या बहिणीनं थोरल्या भावाचं घ्यायचं नाही. हे तिनंच दोघींना शिकवलेलं. आणि त्याच दोघींच्या हाती पोराला देऊन तिनं परमुलखात धाडलं. कशासाठी? तर गजराबाईनं हसू नये म्हणून.

आलं होतं ते "अवो" म्हटल्यावर आलेलं. "अवो" तर कुणीही असतं.

तिनं गाडी जुंपायला सांगितली. हाकायला बिरदेव. तो तयार नव्हता. "मालकीनबाई, माजी मेंढरं..."

"मेंढरागत थरथरू नगंस. बस म्होरं."

निघताना दुकानातला तो उठून गाडीपर्यंत आला. पहिल्यांदा आपणहून बोलला.

"जाऊ नगंस."

आवाज अगदी पोराचा.

"का?"

तो जुवावर हात ठेवून उभा राहिला. बैलांनी माना खाली घातल्या, अंग चोरलं. सिद्धम्मानं त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिला वाटलं, हा जर खराच माझा असला तर? तापानं, दगदगीनं असा झाला असला तर? मी कुणाला आणायला निघाले? आणि आणलेलं कोण असेल?

पण आईच्या जिवाला ती हाक ऐकू आली होती.

"हात काढ," ती म्हणाली.

त्यानं काढला.

दिवस मावळायच्या बेताला गाडी नाक्यावर पोचली. आडवा बांबू, एक खोली, विडी ओढत बसलेला शिपाई. पलीकडं इंग्रजी मुलूख. तोच रस्ता, तीच माती, तशीच बाभळ.

बाभळीखाली कुणी नव्हतं.

बिरदेव खाली उतरेना. सिद्धम्मा एकटीच बांबूपाशी गेली. पदर डोईवर घेतला, आणि आवाज काढला. गाव दणाणून सोडणारा आवाज.

"महालिंगप्पा... चल घरी."

वारा पडलेला. पान हलत नव्हतं.

"महालिंगप्पा, चल घरी!"

शिपाई विडी टाकून उठला. "किसकू बुलारै अम्मा? उधर कोई नै."

तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. "बाळा, माजं चुकलं. महालिंगप्पा, चल घरी!"

आणि अगदी बांबूच्या पलीकडून, हात लावावा एवढ्या जवळून, दमलेला, कोरड्या घशाचा...

"आलो."

ती लगेच पाठ फिरवून गाडीत बसली. हाक मारल्यावर मागं बघायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. गाडी चालली. अंधारून आलं. मागं पावलं ऐकू यायला लागली. अनवाणी. धुळीत. थप... थप... थप. तिच्या पोराची चाल, जरा उजव्या पायावर जोर देणारी. तिचे डोळे भरून आले.

मग तिच्या लक्षात आलं.

त्या पावलांमागं आणखी पावलं होती.

ती धुळीत वाजत नव्हती. ठण्ण... ठण्ण... ठण्ण. दगडी फरशीवर वाजावीत तशी. उंच छताखाली घुमावीत तशी. आणि गाडीखालचा रस्ता तर सगळा फुफाट्याचा.

"बिरदेव, तुला ऐकू येतंय?"

"मालकीनबाई, पाया पडतो, बोलू नगा," तो म्हणाला. तो रडत होता.

उजाडता उजाडता घर आलं. शिवगंगा दारातच. "आत्याबाई, तुमी गेल्यापास्नं ते खाटेवर पडून हुते. डोळे सताड उघडे. आत्ताच पानी मागितलं... आन् मीठ मागितलं."

सिद्धम्मा आत धावली.

महालिंगप्पा खाटेवर बसला होता. लहान पोरासारखा रडत होता. पिंढरीपर्यंत धूळ, टाचा फुटून रक्ताळलेल्या. तीन दिवस गावाबाहेर न पडलेल्या माणसाचे पाय.

"आव्वा," तो म्हणाला, "हाक माराया लई उशीर केलास गं."

तिनं त्याला पोटाशी धरलं. बाहेर बसलेलं कुत्रं आत येऊन त्याचे पाय चाटायला लागलं. सगळं ठीक झालं. गजराबाईला काही सांगितलं नाही.

तिथं काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. एवढंच म्हणाला, "वर एकटा हुतो. म्या हाक मारली. ती परत आली न्हाय, पर कुनीतरी ती घेतली."

घुमटाचं नाव मग कुणी काढलं नाही.

महिनाभरानं, भर दुपारी, सिद्धम्मानं ताट वाढलं. महालिंगप्पा दुकानात होता. तिनं नेहमीसारखी हाक मारली.

"महालिंगप्पा, जेवाया ये!"

"आलो," दुकानातून आवाज आला.

आणि माजघरातून...

"आलो."

दोन्ही आवाज एकच.

माजघरात कुणी नव्हतं. शेणानं सारवलेली मऊ जमीन. त्या जमिनीवरून काहीतरी ठण्ण... ठण्ण करत सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं, आणि थांबलं.

सिद्धम्मा ताट सोडून तशीच बसून राहिली. महालिंगप्पा दुकानातून आला, जेवला, हात धुतले. पावलं परत गेली नाहीत. पुढंही आली नाहीत.

त्यानंतर तिनं पोराचं नाव घेतलं नाही. मरेपर्यंत नाही. मी या घरात नातसून म्हणून आले तेव्हा म्हातारी पोटच्या लेकाला "ऐक की", "आरं" म्हणायची. मी हसले होते. म्हटलं, आजीबाई, तुम्ही काय त्यांची बायको आहात का? म्हातारीनं मला जवळ बसवलं आणि हे सगळं सांगितलं. म्हणाली, "हाक मारून आनायचं मला ठाऊक हुतं. आनल्यालं परत कसं धाडायचं, ते ठाऊक न्हाय."

सासरे गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं नाव मीही कधी तोंडानं घेतलं नाही. सून म्हणून नाही, भ्यायले म्हणून. आज पहिल्यांदा लिहिलं, तेही दिवसाउजेडी, माजघराचं दार लावून.

तुम्ही वाचलंत ते ठीक. फक्त ते नाव मोठ्यानं वाचलं नसेल, तर बरं.